राक्षसांचं फेडरेशन

सहकारावर आमच्या मामाइतका विश्वास ठेवणारा माणूस धारूरपासून आष्टीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. सहकारी संस्था काढणाऱ्यांचाही तेवढा नसेल. गावच्या दूध संस्थेचा तो जन्माचा संचालक. दुष्काळात दूध आटलं, संस्थेत कुलपाखेरीज काही उरलं नाही, पण मामाचं संचालकपण काही आटलं नाही. चार माणसं जमली की त्यांचा अध्यक्ष कोण, हे ठरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्नात पंगत बसली, तरी ‘सुरू करा’ या सूचनेला तो अनुमोदन मागायचा. घरी भाजी कोणती करायची याचाही ठराव मांडायचा. “मंजूर हाय,” मामी म्हणायची, “आता लसूण सोला.”

त्या उन्हाळ्यात मात्र त्याचा सगळा जीव एका बैलात अडकला होता. नेकनूरजवळच्या चारा छावणीत त्याचा म्हातारा तांबड्या अशक्तपणानं बसला, तो उठेचना. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, “संध्याकाळपर्यंत उभा राहिला तर वाचला.” झालं! मामा सारखा त्यांच्या मागे, “उठंल ना सायेब? उठंल ना?” शेवटी मामीनं मला बाजूला घेतलं. “ह्यांना कुठंबी घेऊन जा बाबा, न्हाई तर डॉक्टरच पळून जाईल.” म्हणून मी त्याला बीडला दुपारच्या खेळाला नेलं.

पडद्यावर डोंगराएवढा शिंगवाला राक्षस समुद्रातून निघाला. मी हळूच समजावलं, की मामा, याचा आधी वेगळा सिनेमा होता, पोस्टरवरच्या त्या पंखवाल्याचा वेगळा; पण सगळे एकाच मालिकेतले, अडीनडीला एकमेकांच्या सिनेमात येतात. मामाचा चेहरा उजळला. “म्हंजे फेडरेशन हाय की! अध्यक्ष कोण?” शहर मोडत होतं त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं, धरण फुटलं तेव्हा मात्र कळवळून म्हणाला, “लई पाणी गेलं रे!”

मग एका तिसऱ्याच राक्षसाशी लढता लढता शिंगवाला कोसळला, आणि मामा ताडकन उभा राहिला. “पोटाखाली पोतं घाला बे! दोन्हीकडून धरा!” मी लाजेनं खुर्चीत खाली घसरलो. पण कुणीच हसलं नाही. निम्म्या थेटराची जनावरं छावणीतच होती. उलट मागून एकजण काळजीनं म्हणाला, “काका, शेपूट पिळायला सांगा.” तेवढ्यात तो पंखवाला आला, त्यानं पडलेल्याच्या पोटाखाली खांदा घातला, आणि शिंगवाला थरथरत चारी पायांवर उभा राहिला. शिट्ट्यांनी थेटर दणाणलं. मामा डोळे पुसत पुटपुटत होता, “अनुमोदन, अनुमोदन.”

बाहेर येतोय तोच मामीचा फोन. “उठला बरं का! समद्या छावणीनं मिळून पोतं घालून उचलला. पेंड बी खाल्ली.”

“म्हाईत हाय,” मामा ऐटीत म्हणाला, “आत्ताच पाहून आलो.” आणि तिथंच पायरीवर मटकन बसला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

तांबड्या त्यानंतर दोन पोळे मिरवून गेला. मामाही आता थकलाय, थेटरात जाणं होत नाही. पण त्या मालिकेतला नवा सिनेमा आला की त्याचा फोन येतोच.

“आपला हाय का त्यात?”

“आहे मामा.”

“उभा हाय?”

“उभा आहे.”

“मग ठीक हाय,” असं म्हणून मामा सुस्कारा सोडतो. आणि ‘अनुमोदन’ म्हणूनच फोन ठेवतो.