घटनाबाह्य

वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक आजोबा राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. चहा अगोड झाला, लिफ्टचा पंखा बंद पडला, नातवाची परीक्षा रविवारी आली, की काठी आपटून म्हणायचे, "घटनाबाह्य!" आम्हाला हसू यायचं.

परवा लिफ्टपाशी सोसायटीची पाटी लागली: 'कामवाल्या बायकांनी जिना वापरावा.' आजोबांनी ती सावकाश वाचली. मी म्हटलं, "आजोबा, हे तर घटनाबाह्यच ना?"

"सरकारने राज्यघटना मोडली तर म्हणायचं तसं," ते हळूच म्हणाले. "ही पाटी आपणच लावलीय रे."

लिफ्ट समोर उघडी होती. आजोबा काठी टेकत भांडीवाल्या मावशींच्या मागोमाग जिना चढायला लागले.