परातीतले पाय

चहा घ्या, पण घोट गिळून मगच ऐका. ठसका लागला तर मला बोल लावाल. मी जो घोळ घालून ठेवला ना, तसा या बेटावरच्या अख्ख्या बों अक्योय गावात कुणी घातला नसेल!

ऐंशी सालच्या आगेमागे असेल. माझी लता तेव्हा दहा वर्षांची. शेजारी मादाम सिमोन, कट्टर कॅथलिक. दोन घरांच्या मध्ये नुसतं बांबूचं कुंपण. तिची जोसियान आणि माझी लता एका ताटात जेवायच्या. माझ्या बाळंतपणात मादाम सिमोननेच मला गरम सूप आणून पाजलेलं. असं शेजारपण!

ईस्टरच्या आधीचा आठवडा. कणीक मळायची होती आणि पितळी परात जागेवर नाही. शोधत मागच्या अंगणात गेले, तर काय!

लता माझा लग्नातला शालू गुंडाळून, हनुवटीला मक्याचे केस चिकटवून गुडघ्यांवर बसलेली. समोर माझी परात. परातीत जोसियानचे पाय! आणि तिच्यामागे रांगेत आमचा कुत्रा!

"हे काय चाललंय गो?"

"मी येशू," लता म्हणाली. "शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो. जोसियानने शिकवलं."

"आणि हा?"

"हा सें पिएर."

आता मला सें पिएर म्हणजे मोकाकडचं गाव ठाऊक. जोसियान म्हणाली, तो येशूचा मोठा शिष्य, मोठा संत! आणि तो संत माझ्या अंगणात शेपटी हलवत उभा!

मी अशी किंचाळले की पोरी पळाल्या, कुत्रा पळाला. अंगणात उरली ती परात. आणि कुंपणावरून वर आलं मादाम सिमोनचं डोकं.

तिने परातीकडे बघितलं. डोळे मोठे केले. छातीवर क्रूस काढला.

"आयो, बोंज्ये!" असा देवाचा धावा केला, आणि तडक चर्चच्या वाटेने पळत सुटली.

परक्या धर्माच्या देवाची थट्टा, तीही ऐन त्यांच्या उपासाच्या दिवसांत! आता काय उरलं शेजारपणाचं?

सासूबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "गणपतीत आपली पोरं राम-सीतेचं सोंग घेतात, तवा राम रागावतो काय गो?"

"राम आपला आहे, आई! हा त्यांचा आहे!"

"देवाला ठाव हाय काय, कोन कुनाचा?"

त्यांना काय जातंय बोलायला! मी शालू लपवला, मक्याचे केस चुलीत टाकले. पोरींना आत कोंडलं. आणि बघते तर उसाच्या कडेने मादाम सिमोन येतेय, बरोबर पांढऱ्या झग्यातले पाद्री. आम्ही सगळे त्यांना मोंपेरच म्हणायचो.

ते फाटकात पाय ठेवतात न ठेवतात, तोच मी त्यांच्या पाया पडले. "पार्दों, मोंपेर! पोरींचं चुकलं!"

"काय चुकलं?" मोंपेर दचकले.

शहाणी बाई इथेच थांबली असती. मी? मी सगळं सांगितलं! शालू सांगितला, दाढी सांगितली. येशू कोण, शिष्य कोण, आणि सें पिएर कोण तेही सांगितलं!

मादाम सिमोन लालबुंद. "माझी जोसियान? कुत्र्याबरोबर रांगेत?"

"म्हणजे... तू बघितलं नव्हतंस?"

"मी परात बघितली! गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. आमचं घंगाळ गेल्या सिक्लोनच्या वादळात चेपलं. म्हटलं, देवानेच दाखवली! परात मागायला आलोय आम्ही!"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"जोसियान!" मादाम सिमोन ओरडली. दोघी बाहेर आल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. सासूबाईंचेसुद्धा हात शेंगांवर थांबले.

मोंपेरनी लताला विचारलं, "पाय धुताना हसत होतीस?"

"नाही, मोंपेर. हिच्या टाचेत काटा मोडला होता. दुखेल म्हणून हळूहळू धुवत होते."

मोंपेरनी मादाम सिमोनकडे बघितलं. "सिमोन, हा अपमान नाही. गुरुवारी माझ्या हातून एवढं नीट झालं तरी पुरे." मग लताला म्हणाले, "फक्त सें पिएरला दोनच पाय होते, एवढं ध्यानात ठेव."

पहिल्यांदा हसली ती मादाम सिमोनच. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई मात्र पुटपुटल्या, "आता कनीक कशात मळायची?"

परात काखेत मारून मोंपेर निघाले. फाटकात वळून पोरींना म्हणाले, "पुढची गोष्ट कराल तेव्हा ज्यूदा लागेल. आपल्याच माणसांना पकडून देणारा. तो कोण होणार?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही बोटं थेट माझ्यावर!

आणि मोंपेर, देवमाणूस तो, माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, "हिला दाढीसुद्धा लावायला नको."