नाव घेऊन केलेलं मागणं

त्या आठवड्यात मी देवाशीही धड बोलत नव्हते. प्रार्थनेला बसलं की मनात आम्हा चर्चच्या पंचांची बैठकच सुरू व्हायची. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका टोळक्यानं बाजारात फलक लावला होता, मुसलमान विक्रेत्यांकडून काही घेऊ नका म्हणून. एक फळवाला जागेवरून उठेना, तर त्याचा गाडा उलटवून त्याला मारलं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

चर्चनं यावर बोलावं की नाही, याचं गुऱ्हाळ काही संपेना. पाळकसाहेब तरुण. त्यांना उपदेशातून बोलायचं होतं, पण प्रत्येक वाक्यानंतर ते आमच्या तोंडाकडे बघायचे. आमचे ज्येष्ठ पंच सैन्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. ते म्हणाले, "आवं बाई, आपली मूठभर घरं. उद्या ही पोरं आपल्या दारात आली, तर कोण येणार हाय सोडवायला? उपासनेत देवाचं बोलावं, राजकारण न्हाई." त्यांची भीती खोटी नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त चीड येत होती. शेवटी ठरलं की 'समाजात शांती नांदो' एवढंच मागायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही. त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेची, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं इतरांसाठी मागणं करायची, पाळी नेमकी माझी. असली गुळमुळीत प्रार्थना करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मला झालं. शनिवारी संध्याकाळी वैतागून मी प्रभूला म्हटलं, तुला बोलायचं असेल तर तूच बोल, मला यातून मोकळी कर.

सकाळी मात्र सवयीनं आवरलं आणि निघाले. आमचं चर्च एसटी स्टँडला लागूनच आहे. आत पहिलं गीत चालू होतं आणि दाराशी बुरख्यातली एक बाई पिशवी धरून उभी होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"ताई, मी म्हसवडची. माझे मालक मिरजेला दवाखान्यात हाईत. तुमच्या हितल्या बाजारात मारलं त्यान्ला. यष्टीला येळ हाय, गाणं ऐकू आलं म्हणून आले. त्यांच्यासाठी मागणं कराल का?"

मी मान हलवली.

"दस्तगीर नाव हाय. नाव घेऊन मागा. न्हाईतर देवाला कसं कळायचं, कुणासाठी ते?"

आमच्या बैठकीत काय ठरलं होतं, हे तिला कुणी सांगितलेलं असणं शक्य नव्हतं. मी तिला आत नेऊन मागच्या बाकावर बसवलं.

पाळी आल्यावर उभी राहिले. म्हटलं, "प्रभू, आमच्या बाजारात दस्तगीरला मारलं. त्याला बरं कर. मारणाऱ्यांचे हात आवर. आणि बघत उभे राहिलो त्या आम्हाला वाचा दे." मग मागच्या बाकावरून आवाज आला, "आमीन." त्यानंतर एकेक करत बाकीच्यांचं आमेन आलं.

उपासना सुटल्यावर सुभेदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, ठरलेलं मोडलं तुमी."

"व्हय, मोडलं," मी म्हटलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

ते त्या बाईकडे वळून म्हणाले, "यष्टीची वाट नका बघू. माझी गाडी हाय, चला." आणि खरंच तिला मिरजेला घेऊन गेले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एक कुटुंब त्या दिवसापासून उपासनेला येत नाही. पाळकसाहेब अजून तोंडाकडे बघत बोलतात. सुभेदार दस्तगीरला भेटायला म्हसवडला जाऊन येतात आणि परत आल्यावर बैठकीत सांगतात की चर्चनं राजकारणात पडू नये. मला अजून तितकाच वैताग येतो.

पण एक कळलं. मी प्रभूकडे सुटका मागितली होती, हिंमत नव्हे. त्यानं सुटका दिली नाही, माणूस धाडलं. त्याचे मी रोज आभार मानते, आणि माझ्या मागण्याचं उत्तर कसं द्यायचं ते त्याच्यावर सोडते.