निळ्या दिव्याखालचे मासे

आमचे बाबा घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात. बिघाड सापडल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत, असा स्वभाव. त्यांच्या जिवलग मित्राचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याच्याकडून बाबांनी एंजलफिशची जोडी आणली. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवायचे, हा त्यांचा शिरस्ता. पण मित्र म्हणाला, "माझ्याकडचे मासे आणि वेगळे ठेवणार? एवढाच का विश्वास?" बाबांनी भिडेखातर ते थेट जुन्या माशांत सोडले.

आठवड्यात नवे गेले, पाठोपाठ बाबांनी पिलांपासून वाढवलेले जुनेही. बाबांनी हीटर तपासला, फिल्टर धुतला, पाणी बदललं. मित्र फोनवर म्हणाला, "तुझ्या घरचं पाणी बाधलं." तेही बाबांनी खरं मानलं आणि स्वतःलाच बोल लावत बसले.

उरलेल्या एका माशासाठी औषध आणायला आम्ही दुकानात गेलो आणि नेमकी वीज गेली. टाकीवरचा निळा दिवा विझला. दारातून आलेल्या उन्हात एकूण एक एंजलफिशच्या अंगावर निळ्या उजेडात लपलेले रोगाचे पांढरे ठिपके दिसले. मित्राने घाईघाईने पडदा ओढला. म्हणजे मेल्याला सगळं ठाऊक होतं! केसाने गळा कापला की हो.

बाबा तडक घरी आले.

परवा तोच गृहस्थ बंद पडलेलं घड्याळ घेऊन हसत हसत दारात उभा. बाबांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच्या हातात परत ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी बाधलं असेल."