तळघरातलं कुलरचं भोक

अवं, ही चिठ्ठी वाचताना हसू नको. "बाई, तुमच्या तळघरात स्विमिंग पूल झाला म्हणे," असं फोनवर म्हणाली न तू, मले बिलकुल आवडलं नाही. सख्खी धाकटी बहीण माझी. पारशिवनीहून नागपूरले यायले तुले वेळ नाही, हसायले मात्र आहे! काय झालं ते विचारलंच नाही. म्हणून लिहून राहिली.

मनीषनगरात घर बांधलं तेव्हा तळघर तुझ्या भाऊजींनीच हट्टानं काढलं. उन्हाळ्यात थंड राहते. लकवा मारल्यापासून यांचा पलंगच खाली. डावा पाय ओढत एकदा उतरले की वर यायचं नाव नाही. ताट मीच नेते. पण खाली हवा कोंदते, म्हणून अंगणाच्या पातळीवर भिंतीले मोठं भोक पाडलं आणि बाहेर कुलर उभा केला, तोंड भोकात. पावसाळा लागला की कुलर काढायचा आणि भोक विटांनी बुजवायचं, दरसाल असंच. मग समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, उंच झाला, अन् रस्त्याचं पाणी आमच्या अंगणात उतरू लागलं.

यंदा आषाढात पावसानं दडी मारली. उकाडा सोसवेना. मी म्हटलं, "आता कुलर काढू न जी."

"काहून? मले वाफवून मारते का? थांब जरासी."

थांबली. अन् एका दुपारी, भाजी फोडणीले टाकली तोच असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना. खिडकीतून पाहते तर गढूळ पाणी भोकाच्या काठाले लागलेलं, कुलर चालूच! मी जिन्याकडं नाही, आधी मीटरकडं पळाली. मेन स्विच पाडला. खाली गुडुप अंधार. त्या अंधारातून यांचा आवाज, "अवं, लाइट काहून गेली?" आणि त्यामागं धो धो पाणी पडायचा आवाज.

उतरली तर पोटऱ्यांपर्यंत पाणी. हे पलंगावर, काठी हातात.

"उठा!"

"चप्पल दिसून नाही राहिली."

"चप्पल गेली तेल लावत!"

ओढते, पण यांचं वजन मले झेपते का? ओरडली तेव्हा समोरच्या घरचे दोघं भाऊ धावून आले. एकानं भोकात गादी कोंबली, दुसऱ्यानं यांले खांद्यावर घेतलं. तर हे त्याले म्हणतात, "हळू गा, मी काही गव्हाचा कट्टा नाही."

"कट्टा हलका असते, काका!"

ते तिघंही हसले. मी यांची काठी घेऊन मागून चढली.

पाणी उपसलं. गाद्या फेकल्या. सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत रेती भरून भोकासमोर लावल्या, पण ते काही पक्कं काम नाही. मिस्त्री म्हणते, भोक कायमचं बंद करा, भिंतीले बाहेरून वॉटरप्रूफिंग करा, फाटकाशी उंच उंबरठा घाला. मले सगळं कबूल आहे. पण हे!

"भोक बुजवलं तर उन्हाळ्यात मी कुठं जाऊ? वर भट्टी असते."

मिस्त्री आला की अंगणात भोकासमोर खुर्ची टाकून बसतात. तो बिचारा थापी घेऊन परत जाते. दोष तरी कसा देऊ? एवढ्या घरात आपली म्हणावी अशी तेवढीच जागा होती यांची. पण काल तळघराच्या पहिल्या पायरीवर उभे दिसले, काठी खालच्या पायरीवर टेकलेली. हात धरून मागं आणलं. आता आभाळ भरलं की मी जिन्याच्या दाराशी पाट टाकून बसते. भाजी निवडते, पण ध्यान सगळं अंगणात.

माझं ऐकत नाहीत. तू यांची साळी, तुझी थट्टा चालते. तुले हसायचंच आहे न, तर इथं यांच्यासमोर येऊन हस आणि हसता हसता ती खुर्ची उचलायले लाव. मिस्त्रीले मी थांबवून ठेवलं आहे. पुन्हा तसा पाऊस यायच्या आत ये वं.