रिकामं भांडं परत देऊ नये

मुलांची शी तपासायला दिलेल्या डब्यांत मी शेंगदाण्याचे लाडू भरून पाठवले होते.

हसा. आधी हसून घ्या. मीही हसते आता. सत्तरीला टेकलेल्या बाईला स्वतःच्या येडेपणावर हसायचा हक्क असतो. दुसऱ्यांनी किती हसावं, ते पुढं सांगते.

मी अंगणवाडीची बाई. गाव नांदगाव खंडेश्वरच्या अंगाचं, वस्ती बुद्धविहाराच्या मागची. नोकरी नवीन होती. खांद्याला पर्स, केसाला दोन-दोन पिना, चालण्यात अशी ऐट की जणू तालुका मीच चालवून राहिली. त्यात अमरावतीहून संशोधनाची जीप यायला लागली. पोटाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई, त्यांच्या हाताखाली एक शिकाऊ डॉक्टर, आणि बालशिक्षणाच्या एक मॅडम. लहान पोरांचं पोट बिघडलेलं असलं तर शिकण्यात ती मागं पडतात का, असा त्यांचा अभ्यास. विषय चांगला होता. मी आजही म्हणते, चांगलाच होता.

जीप दिसली की मी पदर सावरत धावायची. माझ्या आधी माझ्या चपला पोचायच्या.

बालशिक्षणाच्या मॅडम पोरांना चित्रं दाखवायच्या. एकदा जहाजाचं चित्र दाखवलं. शोभाची पोरगी छकुली, तीनेक वर्षांची, हातपाय काडीचे अन् पोट गाडग्यासारखं. बराच वेळ बघून म्हणाली, "इस्त्री."

चूक. कागदावर फुली. आमच्या वस्तीत समुद्र कोणाच्या बापानं पाहिला होता? परटाची कोळशाची इस्त्री मात्र सगळ्यांनी पाहिलेली. तिचं नाक तसंच टोकदार अन् वरून तसाच धूर. पण तेव्हा मी काय केलं? मीच छकुलीच्या डोक्यात हळूच टपली मारली. मॅडमसमोर माझी लाज गेली म्हणून.

अशी होते मी.

डबे आले ते पांढरेशुभ्र. फिरकीचं झाकण, आणि झाकणाला आतून चिकटलेला इवलासा चमचा. मी आयाबायांकडून नमुने गोळा करून ठेवायचे आणि जीपनं ते बरफाच्या पेटीत घालून न्यायचे, असं ठरलं. कशासाठी आहेत ते मला चांगलं कळलं होतं. पण त्या खेपेला काही घरं लग्नाला चांदूर रेल्वेला गेली होती. पोरंच नाहीत, तर डबे भरणार कुठून? काही डबे कोरेच राहिले. अन् मला एकच घोर लागला. रिकामं भांडं परत कसं द्यायचं?

हे खूळ कुठून आलं, ते सांगते. लहानपणी माय पाटलीणबाईच्या घरी कामाला जायची. मी अंगणाच्या कडेला उभी. त्या आळीत वाट्या फिरायच्या. गाय व्याली की या घरचा चीक त्या घरी जायचा, अन् वाटी परत येताना तिच्यात गूळ नाहीतर मूठभर दाणे. रिकामी वाटी कधी परत आली नाही. आम्हाला मात्र जे मिळायचं ते वरून, आमच्याच भांड्यात पडायचं. त्यांची वाटी आमच्या घरी कधी आलीच नाही. एकदा मी मायला विचारलं, "आपण कावून नाही देत वापस काही?"

माय म्हणाली, "आपलं भरलेलं घेते कोण?"

तर आता माझ्या घरात डबे होते. अमरावतीचे. शिकलेल्या माणसांचे. अन् ते परत जाणार होते. मला वाटलं, हे पाटील थोडेच आहेत? हे तर डॉक्टर. मी दाणे भाजले, गूळ कुटला, एकेका कोऱ्या डब्यात एकेक लाडू बसवला. चमचा पाहून तर मी खूशच झाले. खायची सोयही आहे म्हटलं!

लाडू गुळाचे. रंग कसा असतो, तुम्हाला माहीत आहे.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती खाटेवर लोळून हसली. ती अकोल्याला पोटाच्या आजारांवरच संशोधन करते. हसता हसता डोळे पुसले, मग उठून बसली. "आजी, पण त्या छकुलीच्या पोटात निघालं काय?"

शोभाही हेच विचारायची. दर खेपेला. "बाई, माह्या पोरीच्या पोटात काय निंगालं?"

छकुलीचं पोट दुखायचं. खाल्लेलं अंगाला लागायचं नाही. दुपारी ती माझ्या मांडीवर पोट दाबून पडायची. शोभा तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला निघाली होती. मी अडवलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अभ्यास चालू असताना बाहेरचं औषध द्यायचं नाही. मी शोभाला म्हणाले, "एवढे मोठे डॉक्टर पाहून राहिले. काही असतं त सांगतलंच असतं."

लाडवांवर हसा. यावर मला स्वतःला अजून हसता आलेलं नाही.

वर्ष सरताना अमरावतीला मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. अंगणवाडीच्या बायांचा सत्कार होता. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. दारातच कोणीतरी म्हणालं, "लाडूवाल्या बाई आल्या वाटतं." मला वाटलं, माझं नाव झालं. मी मान डोलावली!

डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. मोठ्या वकिलाची लेक, आवाज मऊ. मागच्या पडद्यावर चित्र आलं. पांढरा डबा, त्यात माझा लाडू.

"गावात काम करताना काय काय अनुभव येतात बघा. हा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला. अत्यंत निरोगी! गुळाचा वास येत होता."

सभागृह फुटलं हसून. पुढच्या रांगेतला एक माणूस तर रुमालात तोंड खुपसून हसत होता. अन् सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? मी. हो, मीच. मोठ्या लोकांत बसायला मिळालं होतं ना.

"अर्थात, हातमोजे घालूनच फेकावे लागले," बाई म्हणाल्या.

माझं हसू तिथं अडकलं.

शीच्या डब्यातलं कोणी खाणार नाही, एवढी अक्कल मला त्या घडीला आली. ते फेकलं ते बरोबरच. पण मग बाकीचंही आठवत गेलं. इतक्या खेपा झाल्या, त्यांनी माझ्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. पाणीही नाही. थर्मास त्यांचा, कप त्यांचे. सरपंचाच्या ओसरीवर मात्र भजी खायचे, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या पोरांची घाण बरफात जपून नेली. माझ्या हातचं कधीच नाही घेतलं. डब्यातलंही नाही, कपातलंही नाही.

आपलं भरलेलं घेते कोण?

तेवढ्यात पडद्यावर छकुली आली. फ्रॉक छातीपर्यंत वर धरलेला, पोट उघडं, बाजूला मोजपट्टी. डोळे थेट माझ्याकडं. बाई इंग्रजीत बोलू लागल्या. लोक लिहून घेऊ लागले. त्या सगळ्या अनोळखी माणसांना छकुलीच्या पोटात काय आहे ते कळत होतं. शोभाला नव्हतं. मला नव्हतं.

मी उठले.

"मॅडम, या पोरीच्या पोटात काय निंगालं?"

"ताई, आपण नंतर बोलू."

"तिची माय मले रोज विचारते. काय निंगालं?"

"हा समूहाचा अभ्यास आहे. एकेका मुलाचं आम्ही सांगत नसतो. आणि सांगून तुम्हाला कळणार आहे का? तुम्ही आपले लाडू करा छान."

पुन्हा हशा. या वेळी मी नव्हते हसत.

सत्काराला नाव पुकारलं, तेव्हा वर गेले. शाल खांद्यावर पडली. मी ती काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. वर नारळ ठेवला. म्हणाले, "माह्या हातचं तुमाले चालत नाही. तुमच्या हातचं मले कावून चालावं?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिनेमात वाजतात.

जिन्यात तो शिकाऊ डॉक्टर मागून आला. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "जंत आहेत तिच्या पोटात. पहिल्याच नमुन्यात दिसले होते."

"मग औषध?"

"मधे औषध दिलं की आकडे बिघडतात. अभ्यास संपल्यावर द्यायचं ठरलं होतं."

पहिल्याच नमुन्यात. तेव्हापासून ती पोरगी माझ्या मांडीवर पोट दाबून पडत होती. अन् मी तिच्या मायला सांगत होते, काही असतं त सांगतलंच असतं.

दुसऱ्या दिवशी शोभा अन् मी छकुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. औषध साधं. तिथं आधीपासून ठेवलेलंच. वाटेत मी शोभाला सगळं सांगितलं. लाडू, पडदा, उघडं पोट, जिना. शोभा पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेत राहिली. पोरगी जगली. उंची खुंटली ती खुंटलीच.

आता नातीचं. परवा ती म्हणाली, "आजी, आम्हाला तुझ्या गावातून नमुने हवेत. तू नुसता शब्द टाक, बाया तुझं ऐकतात."

बाया ऐकतात, तोच तर घोर आहे. मी म्हटलं, "पोटात जे निंगन ते मायले कोण सांगन? कवा सांगन?"

"गाईडना विचारते."

"विचार. अन् गावात आली की पयले त्यायच्या घरचा चहा पेजो. मंग पाहू."

माझी नात आहे म्हणून अट ढिली होणार नाही. तिच्या गाईडनी हो म्हटल्याशिवाय माझा शब्द गावात जाणार नाही. कारण शोभा तेव्हा जे बोलली, ते मी अजून विसरले नाही.

सभागृहानंतर जीप पुन्हा आली होती. डॉक्टरीणबाई नव्हत्या. ड्रायव्हरनं डबे उतरवले, उद्या न्यायला येतो म्हणाला. माझ्या वरच्या सुपरवायझर बाईंचा निरोपही त्याच्याच तोंडून, नमुने गेले नाहीत तर नोकरीचा विचार करा. मी अंगणवाडीच्या उंबऱ्यात बसले. समोर पांढऱ्या डब्यांची चळत. वस्तीतल्या बाया एकेक करून जमल्या. कोणी डब्याला हात लावेना. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. शोभानं छकुलीला खाली उतरवलं. एक डबा उचलला, झाकण फिरवून आत पाहिलं, पुन्हा लावलं अन् माझ्या हातात दिला.

"बाई, यावख्ती लाडू नका भरू अन् दुसरंही काही नका भरू. रिकामेच धाडजा."