चार फुटांची रेघ

गिरीश कानडे इंद्रपुरीत आमच्या शेजारी राहतात, एक घर सोडून. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की माझ्याविषयी वाईट लिहावं लागतं, म्हणून वर्षभर टाळत आले. आता लिहून टाकते.

माणूस मूळचा ग्वाल्हेरचा. बावीस वर्षं इथल्या मोठ्या कारखान्यात तपासनीस आहे. यंत्राचा तयार होऊन आलेला प्रत्येक भाग मोजायचा, मापात बसला तर पास, नाही तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. "चालून जाईल" हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. घरात पडद्याचा रॉड लावायचा असला तरी भिंत तीनदा मोजतात. एकदा मंडळाच्या गणपतीचं मखर अर्धा इंच कललंय म्हणून आरती थांबवून त्यांनी खाली लाकडाची पट्टी सरकवली होती. त्यांची बायको दीप्ती म्हणते, "आमच्याकडे पोळी वाढायची पण भीती वाटते हो, गोल आहे की नाही ते बघतात." या सगळ्यावर सगळ्यांत जास्त मी हसायचे. मी शाळेत शिकवते, चार लोक माझं ऐकतात, आणि ऐकून घ्यायची सवय लागली की माणूस जरा माजतोच.

जवळच्या सोनागिरीत आमचं मराठी मंडळ भरतं. दर डिसेंबरात मुलांची सहल निघते आणि तिचा एक नियम आहे. दर वर्षी एकाच घराने जागा ठरवायची आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही. पूर्वी एकदा सांची की भोजपूर यावरून दोन घरं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, तेव्हापासून हा नियम. गेल्या वर्षी पाळी आमची होती.

मी शहराबाहेर नवीन उघडलेलं एक मनोरंजन उद्यान ठरवलं. खरं सांगायचं तर ठरवलं माझ्या मुलांनी. केदार पंधराचा, समीर तेराचा. दोघांनी मोबाईलवर तिथला रोलर कोस्टर दाखवला, उलटं लटकवणारा पाळणा दाखवला, आणि मी हो म्हटलं. बाकीची मुलं किती वर्षांची आहेत हे मनातसुद्धा आलं नाही.

सभेत मी जागा जाहीर केली तेव्हा गिरीशभाऊ एक कागद घेऊन उठले. "वहिनी, वाद नाही घालत. क्या है ना, मी तिथे फोन करून विचारलं. मोठ्या झुल्यांना चार फूट उंची लागते. आपल्याकडे एकोणीस मुलं, त्यातली बारा चार फुटांच्या खाली आहेत. लहानांसाठी तिथे दोनच झुले आहेत. त्यापेक्षा तलावाकडच्या बागेत छोटी रेल्वे आहे, बोटी आहेत, मोठ्यांनासुद्धा..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "गिरीशभाऊ, मुलं आहेत ती. तुमच्या कारखान्यातले शाफ्ट नव्हेत, मोजून पास करायला!"

सगळे खो खो हसले. तेही हसले, कागदाची घडी घातली आणि खाली बसले. नियम नियम असतो, आणि मोडणाऱ्यांपैकी ते नव्हेतच.

सहलीच्या दिवशी तासाभरातच माझी हौस फिटली. मोठ्या झुल्यांच्या प्रत्येक दारापाशी एक खांब होता, खांबावर लाल रेघ. मुलाने खांबाला पाठ लावून उभं राहायचं, डोकं रेघेला लागलं तर आत, नाही तर बाहेर. आमची बारा मुलं एकेका दारातून परत येत होती. लहानांच्या दोन झुल्यांपैकी एक बंद होता आणि दुसऱ्यावर ही मोठी रांग. मुलं बाकांवर बसून चिप्स खात होती. एक रडत होता, दोघी भांडत होत्या. आया माझ्याकडे बघत होत्या. आणि माझी दोन मुलं तिसऱ्यांदा रोलर कोस्टरच्या रांगेत उभी होती.

तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. निदान एक लहान मूल त्या रोलर कोस्टरवर बसलं, त्याचा हसरा फोटो ग्रुपवर टाकला, की माझी इज्जत राहील असं वाटलं. गिरीशभाऊंची क्षितिजा आठ वर्षांची. रेघेला दोन बोटं कमी पडली होती तिला. खांबापासून परत येताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी तिला बाथरूममध्ये नेलं, तिच्या बुटांत टाचेखाली कागदी नॅपकिनच्या घड्या घातल्या, आणि दोन वेण्या सोडून डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला.

"काकू, हे चालतं?" तिने विचारलं.

"चालतं गं. पण आपलं सीक्रेट हं. कुणालाच सांगायचं नाही."

"पक्का," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर टाळी दिली.

रोलर कोस्टरच्या दारावरच्या बाईंनी तिला खांबाशी उभं केलं. अंबाडा रेघेला लागला. बाई "जाओ बेटा" म्हणाल्या, तेवढ्यात मागून गिरीशभाऊंचा आवाज आला. "रुकिए." आपल्या मुलीची उंची त्यांना पाठ होती, घरच्या भिंतीवर दर महिन्याला खूण करतात. ते पुढे आले आणि म्हणाले, "क्षितिजा, बूट काढ."

तिने काढले. नॅपकिनच्या घड्या बाहेर पडल्या. रांगेतली माणसं बघायला लागली, आमच्या मंडळातलीही.

"हे कुणी केलं?"

क्षितिजाने माझ्याकडे पाहिलं. मी चार पावलांवर उभी होते. मी पर्समध्ये फोन शोधायला लागले. फोन माझ्या हातात होता.

"मी," ती म्हणाली.

गिरीशभाऊंनी त्या बाईंना हात जोडले. "माफ कीजिए, बच्ची से गलती हो गई." मग तिला बाजूला नेऊन हळू आवाजात समजावलं, पण मला ऐकू आलं. रोलर कोस्टर उलटा होताना जो दांडा अंगावर येतो तो मोठ्या मुलांच्या छातीवर बसतो. तो तिच्या गळ्याशी आला असता. "मापाला कारण असतं, बेटा." ती मान खाली घालून ऐकत होती. तरीही मी बोलले नाही. आत्ता सगळ्यांसमोर कशाला, घरी गेल्यावर सांगू, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी गेल्यावर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच आमच्याकडे आले, क्षितिजाचा हात धरून.

"वहिनी, काल तुमच्या सहलीत हिने गडबड केली. चार लोकांत तुम्हाला खाली बघावं लागलं. सॉरी म्हण काकूंना."

"सॉरी काकू," ती म्हणाली.

आणि मी, वीस वर्षं मुलांना शिकवणारी बाई, तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "असू दे बाळा. पुन्हा असं करायचं नाही हं." वर एक बेसनाचा लाडू दिला. तिने तो हातात धरला, खाल्ला नाही. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

नंतरचे दोन महिने मी त्यांचं घर टाळून जायचे. दूध आणायला मागच्या गल्लीने. कुणाला काही कळलं नव्हतं, उलट मंडळात मला सहानुभूती मिळाली. बायका म्हणायच्या, "एवढ्या इमानदार माणसाची पोरगी अशी कशी निघाली?" मी नुसती मान हलवायचे.

मग एक दिवस दीप्ती आमच्याकडे येऊन भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली. "हे आता क्षितिजाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात हो वहिनी. होमवर्क केला? खरंच केला? पूर्वी कधी विचारायचे नाहीत. ती पण आता वही उघडून दाखवते, न विचारता." दीप्तीला यात विशेष काही वाटलं नव्हतं. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

रात्री जेवले नाही. अभिजीतला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला काय सांगतेस?"

रविवारी दुपारी गेले. गिरीशभाऊ क्षितिजाच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवत होते, हातात टेप. मी उभ्याउभ्याच सगळं बोलले. नॅपकिन, अंबाडा, सीक्रेट, पर्स, लाडू. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ते टेप गुंडाळायला लागले. "त्या दिवशी तिने खोटं बोलून तुम्हाला वाचवलं," ते म्हणाले, "आणि मी तिला दोन महिने तपासतोय." "मला नका सांगू, वहिनी. तिला सांगा. नंतर मी पण तिची माफी मागतो."

त्यांनी हाक मारली. क्षितिजा आतून आली, मला बघून दारातच थांबली. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. मी तुझ्या बाबांना सगळं खरं सांगितलं."

एकदा बाबांकडे पाहून ती माझ्या अगदी जवळ आली आणि कानाशी तोंड आणून घाईघाईने म्हणाली, "काकू, मी नाही सांगितलं. आईला पण नाही. देवाशप्पथ."